धुतल्या तांदळाला भाव किती?

फ्रान्समधल्या व्यावसायिक सायकलपटूंनी क्रिस्तोफ बासोंला एक टोपणनाव दिले होते: ‘मस्यू प्रॉप्र’, म्हणजे स्वच्छ महाशय. याच नावाचे फरशी पुसायचे द्रावण फ्रान्समध्ये घरोघरी असते, त्यामुळे त्यातला टोमणा कोणाला समजावून सांगावा लागत नसे. आपण एखाद्याला ‘मोठा धुतल्या तांदळासारखा’ म्हणतो तेव्हा आपल्या सुरात जे असते, तेच त्या नावात होते. गंमत अशी की, टोमणा मारणाऱ्यांना त्याच्या स्वच्छतेबद्दल तिळमात्र शंका नव्हती. फेस्टिना या संघातल्या त्याच्या सहकाऱ्यांनीच १९९८ मध्ये पोलिसांना सांगितले होते की, आमच्यात उत्तेजके न घेणारा हा एकटा आहे. निर्दोषपणाचा इतका भक्कम पुरावा खेळाच्या इतिहासात क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल, कारण तो दोषींनी स्वतःचा दोष कबूल करता करता दिला होता. त्यानंतर एका वर्षाच्या आत, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, या माणसाला टूर द फ्रान्स अर्ध्यावर सोडावी लागली आणि २००१ मध्ये त्याची व्यावसायिक कारकीर्द संपली.

हे प्रकरण जुने झाले आणि त्यातल्या बड्या धेंडांना शिक्षाही झाल्या, मग ते पुन्हा कशाला उकरायचे, असे कोणी विचारू शकेल. त्याचे कारण असे की, त्या शिक्षांच्या गदारोळात एक प्रश्न तसाच राहून गेला आहे. उत्तेजकविरोधी व्यवस्था अपराध्याला शोधते, त्याला पदकापासून आणि पैशापासून दूर करते, तो शरण आला तर त्याच्याशी तडजोडही करते. परंतु अपराध न केल्यामुळेच ज्याचे नुकसान झाले, त्याचे ही व्यवस्था काही देणे लागते की नाही? माझे म्हणणे आहे की लागते, आणि आजचे नियम ज्या पद्धतीने रचलेले आहेत, त्यांत हे देणे मांडण्यासाठी खातेच उघडलेले नाही.

बासों १९७४ साली दक्षिण फ्रान्समधल्या माझामे या गावी जन्मला. १९९६ मध्ये तो फेस्टिनात आला. घड्याळाच्या या कंपनीचा संघ त्या काळातल्या सर्वांत बलाढ्य संघांपैकी एक होता आणि रिशार व्हिराँक हा फ्रेंच जनतेचा लाडका घाटवीर त्याचा नायक होता. संघात औषधांचा कारभार अत्यंत शिस्तीने चाले. औषधांत मुख्य होते एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ. हे संप्रेरक मूत्रपिंडात तयार होते आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला लावते. मूत्रपिंडाच्या रुग्णांचा रक्तक्षय दूर करण्यासाठी ते कृत्रिमरीत्या बनवण्यात आले. तांबड्या पेशी वाढल्या की रक्त जास्त प्राणवायू वाहून नेते, आणि लांबलचक चढावर हा फरक काही सेकंदांचा राहत नाही, तो मिनिटांत जातो. ईपीओ पकडणारी चाचणी त्या वेळी नव्हती. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने १९९७ मध्ये एक कामचलाऊ मर्यादा घातली, की रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेले तर सायकलपटूला काही दिवस घरी बसवायचे. व्हायचे तेच झाले. मर्यादा म्हणून आखलेली रेघ सगळ्यांनी लक्ष्य म्हणून वापरली. ज्याचे नैसर्गिक प्रमाण चाळीसच्या आसपास होते, त्याला पन्नासपर्यंत ‘भरून घेण्याची’ जणू अधिकृत मुभाच मिळाली. बासोंने ती घेतली नाही. औषधे घेतलीस तर पगार कित्येक पटींनी वाढेल असे आमिष आपल्याला दाखवण्यात आले होते, असे त्याने पुढे सांगितले आहे.

८ जुलै १९९८ रोजी फेस्टिनाचा मालिशवाला विली व्हूट फ्रान्स-बेल्जियम सीमेवर पकडला गेला. त्याच्या गाडीत ईपीओ, वाढीची संप्रेरके, टेस्टोस्टेरॉन, अँफेटामाइन असा साठाच होता. त्या वर्षीची टूर तीन दिवसांनी डब्लिनमध्ये सुरू व्हायची होती आणि ती सुरू झालीही. संघाचा व्यवस्थापक ब्रुनो रुसेल याने संघटित औषधपुरवठा कबूल केल्यावर फेस्टिनाला स्पर्धेतून काढण्यात आले. पोलिसांच्या झडत्यांचा निषेध म्हणून उरलेल्या सायकलपटूंनी रस्त्यावर बैठक मारली, छातीवरचे क्रमांक फाडून टाकले. औषधांचा निषेध करण्यासाठी मात्र तेव्हा कोणी रस्त्यावर बसले नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

म्हणून १९९९ च्या टूरला ‘नूतनीकरणाची टूर’ म्हणून मिरवण्यात आले. कर्करोगातून उठून आलेला लान्स आर्मस्ट्राँग आघाडीवीराच्या पिवळ्या जर्सीत होता, आणि याहून सुंदर कथा आयोजकांना सुचलीही नसती. अडचण एवढीच होती की, औषधे गेली म्हणावीत तर वेग उतरायला हवा होता आणि तो चढला. टूरच्या इतिहासात पहिल्यांदाच विजेत्याची सरासरी ताशी ४० किलोमीटरच्या वर गेली. बासों त्या वर्षी ला फ्राँसेझ दे झ्यू या संघात होता. काही आठवड्यांपूर्वीच त्याने दोफिने लिबेरे या मानाच्या शर्यतीत एक टप्पा जिंकला होता. टूर चालू असताना तो ‘ल पारिझिएँ’ या दैनिकात स्तंभ लिहीत होता, आणि त्यात तो कोणाचेही नाव न घेता एवढेच म्हणत होता की, हे वेग मला पटत नाहीत, परिस्थिती बदललेली नाही.

१४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, इटलीतल्या सेस्त्रिएरेहून आल्प द्युएझला जाणारा दहावा टप्पा होता. सुरुवातीचा पल्ला सावकाश कापायचा असे घोळक्याने आपापसात ठरवले होते. बासोंला हे कोणी विश्वासात घेऊन सांगितले नव्हते, त्याला ते आडून कळले. तो चिडला आणि सुरुवातीलाच एकटा पुढे निघाला. सगळा घोळका त्याच्या मागे लागला. त्याला गाठल्यावर संघामागून संघ त्याच्याकडे पाहत शेजारून गेले, आणि पिवळ्या जर्सीतल्या आर्मस्ट्राँगने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की, तू बोलतोस त्याने खेळाचे नुकसान होते आहे, तू घरी गेलेला बरा. बासों म्हणाला की, मी सायकलपटूंच्या पुढच्या पिढीचा विचार करतो आहे. यातले काही झाकून ठेवावे असेही आर्मस्ट्राँगला वाटले नाही, कारण त्याच दिवशी फ्रेंच दूरचित्रवाणीवर त्याने स्वतःच हे बोलणे मान्य केले. दोन दिवसांनी, १६ जुलैच्या सकाळी, सँ-फ्लूरकडे जाणारा बारावा टप्पा सुरू होण्यापूर्वी बासों निघून गेला. त्याच्या संघातही त्याच्या बाजूने कोणी ठामपणे उभे राहिले नव्हते. एका माणसाच्या धमकीने तो गेला असे म्हणणे सोपे आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. ज्यांच्या मांडीला मांडी लावून तो जेवत होता, त्यांच्या अबोल्याने तो गेला.

या अबोल्याचे सामर्थ्य समजून घेण्यासाठी हा खेळ कसा चालतो हे पाहावे लागते. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत सर्वांत मोठा शत्रू वारा असतो. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालवणाऱ्याची ताकद सपाटीवर एक तृतीयांशाच्या आसपास वाचते. म्हणजे तुमचा प्रतिस्पर्धी हाच तुमचा आडोसा असतो. तिरका वारा सुटला की रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढेच सायकलपटू तिरप्या रांगेत आडोसा घेऊ शकतात, आणि कोणाला आत घ्यायचे, कोणाला कडेला ढकलायचे हे डोळ्यांच्या इशाऱ्यावर ठरते. पळून गेलेल्या चौघांत तुम्ही असाल तर उरलेले तिघे आळीपाळीने पुढे येतील की तुमच्यामुळे थांबतील, हेही त्यांच्या मर्जीवर असते. बोरघाटात उभे राहून मुंबई-पुणे शर्यत पाहिलेल्या माणसाला हे सांगायला नको. खोपोली सोडून चढ लागला की घोळका ताणला जातो आणि पुढच्याच्या चाकापासून कोणाचे अंतर हातभर वाढले की तो गेलाच. मी एकदा असाच एक तरुण मुलगा हातभर मागे पडताना पाहिला. त्याने मान वर केली तेव्हा पुढचे चाक सायकलभर लांब गेले होते, आणि पुढच्या वळणावर तो एकटाच वाऱ्यात होता. या शर्यतीतला ‘घाटांचा राजा’ हा किताब कोणाला, हे त्या क्षणाला त्याच्या मनातून निघून गेले असावे. अशा खेळात बहिष्कार हा केवळ सामाजिक अपमान उरत नाही, तो पायांना जाणवतो. त्यात करार एक-दोन वर्षांचे, संघ पुरस्कर्त्याच्या मर्जीवर चालणारे आणि व्यवस्थापक बहुधा स्वतःच माजी सायकलपटू, म्हणजे त्याच घोळक्यातून आलेले. इटलीच्या माफियांकडून उसना घेतलेला ‘ओमेर्ता’, म्हणजे मौनाची शपथ, हा शब्द सायकलिंगमध्ये रुजला तो यामुळे. बोलणाऱ्याला फ्रेंच सायकलपटू ‘सुपात थुंकणारा’ म्हणत. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा, असे आपण म्हणू. ते घर कोणी आणि कशावर बांधले होते, हा प्रश्न दोन्ही भाषांतल्या वाक्प्रचारांना पडलेला दिसत नाही.

आता इतरांच्या कारकिर्दी शेजारी ठेवून पाहू, कारण माझा मुद्दा त्या तुलनेत आहे. व्हिराँकने दोन वर्षे आरोप नाकारले आणि ऑक्टोबर २००० मध्ये लीलच्या न्यायालयात कबुली दिली. त्याला काही महिन्यांची बंदी झाली. परत आल्यावर २००१ मध्ये त्याने पॅरिस-टूर्स ही शर्यत जिंकली, २००२ मध्ये टूरचा मों व्हाँतू या डोंगरावरचा टप्पा जिंकला आणि २००४ साली सातव्यांदा घाटवीराची ठिपकेदार जर्सी जिंकून विक्रमासह निवृत्त झाला. पुढे तो दूरचित्रवाणीवर समालोचक झाला. त्या शेवटच्या टूरमध्ये त्याने जो टप्पा जिंकला तो १४ जुलैला सँ-फ्लूरला संपला होता. पाच वर्षांपूर्वी ज्या गावी पोहोचण्याआधीच बासोंला शर्यत सोडावी लागली होती, त्याच गावात फ्रान्सने राष्ट्रीय दिनी व्हिराँकला डोक्यावर घेतले. व्हिराँकबद्दल मला आकस नाही. त्याने शिक्षा भोगली, आणि शिक्षा भोगलेल्याला परत येऊ द्यावे हे मला मान्य आहे. प्रश्न असा आहे की, परत येण्याची वाट त्याच्यासाठी मोकळी होती आणि बासोंसाठी नव्हती, ती का?

२०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने आर्मस्ट्राँगचा सगळा कारभार बाहेर काढला. त्याच्या अकरा माजी सहकाऱ्यांनी साक्ष दिली होती. त्यांच्यापैकी जे अजून स्पर्धेत होते त्यांना, साक्षीच्या बदल्यात, सहा महिन्यांची बंदी झाली. ती १ सप्टेंबरपासून मोजली गेली, म्हणजे तिचा मोठा भाग अशा हिवाळ्यात गेला जेव्हा युरोपात रस्त्यावरच्या मोठ्या शर्यती होतच नाहीत. २०१८ मध्ये, आर्मस्ट्राँगच्या संघाला टपाल खात्याने दिलेल्या सरकारी पैशाबद्दलचा अमेरिकी खटला ५० लाख डॉलरवर मिटला. त्यातले ११ लाख डॉलर, तिथल्या कायद्यानुसार, माहिती देणाऱ्या फ्लॉइड लँडिसला मिळाले. लँडिस म्हणजे २००६ च्या टूरचे विजेतेपद उत्तेजकामुळेच गमावलेला आणि त्यानंतर चार वर्षे आपण निर्दोष असल्याचे सांगत लोकांकडून खटल्यासाठी पैसे गोळा केलेला माणूस. त्याची माहिती खरी होती आणि तिच्याविना काही झाले नसते, हे मान्यच केले पाहिजे. तरी या सगळ्या सवलतींकडे आणि रकमांकडे एकत्र पाहिले की त्यांतले समान सूत्र डोळ्यांत खुपते. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेत मोलाची मदत करणाऱ्याची शिक्षा कमी करण्याची तरतूद आहे. पण ज्याला शिक्षाच व्हायची नाही, त्याची ती कमी कशी करणार? सौदा करायला हातात काहीतरी असावे लागते, आणि या बाजारात चालणारे एकमेव चलन म्हणजे स्वतःचा अपराध. बासोंच्या खिशात ते नव्हते. तो १९९९ मध्ये बोलला, म्हणजे बाकीच्यांच्या जवळजवळ एक तप आधी बोलला, आणि ते बोलणे व्यवस्थेच्या लेखी कोणत्याच रकान्यात बसले नाही.

यावर कोणी म्हणेल की, आता तसे राहिलेले नाही. २०२१ पासून लागू झालेल्या संहितेत, तक्रार करणाऱ्याला धमकावणे किंवा त्याचा सूड घेणे हा स्वतंत्र अपराध ठरवण्यात आला आहे. ही सुधारणा मोठी आहे आणि ती कोणामुळे करावी लागली हेही उघड आहे. इटलीचा सायकलपटू फिलिप्पो सिमेओनी याने मिकेले फेरारी या डॉक्टरविरुद्ध बोलोन्याच्या न्यायालयात साक्ष दिली होती, आणि हा फेरारी आर्मस्ट्राँगचा सल्लागार होता. २००४ च्या टूरच्या अठराव्या टप्प्यात, विजय खिशात असताना, आर्मस्ट्राँगने एका किरकोळ पळणाऱ्या टोळीत शिरलेल्या सिमेओनीचा स्वतः पाठलाग केला. पिवळी जर्सी टोळीत आहे तोवर मागचा घोळका आपल्याला सुटू देणार नाही हे ओळखून इतरांनी सिमेओनीला मागे जायची विनंती केली, आणि तो मागे गेला. परत येताना आर्मस्ट्राँगने कॅमेऱ्याकडे पाहून ओठांवरून बोट फिरवत चेन लावल्याची खूण केली. आजच्या नियमाखाली त्या खुणेवर कारवाई होऊ शकेल. पण तो नियम नीट वाचला तर त्याचे संरक्षण उत्तेजकविरोधी संस्था, पोलीस, न्यायालय, चौकशी यंत्रणा अशांकडे केलेल्या तक्रारीला आहे. बासोंने तक्रार केली नव्हती. त्याने वर्तमानपत्रात लिहिले होते, कारण ज्यांच्याकडे तक्रार करायची तेच ‘नूतनीकरणाची टूर’ साजरी करत होते. त्याच्या खांद्यावर पडलेला तो हात आजच्या नियमातूनही सुटून जाईल अशी दाट शक्यता आहे.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. बासोंच्या नावावर मोठे विजय नाहीत. मग त्याचे नेमके काय नुकसान झाले? तो निर्मळ शर्यतीत तरी जिंकला असता कशावरून? सरासरी कुवतीच्या प्रत्येक खेळाडूने आपल्या अपयशाचे खापर औषधांवर फोडायला सुरुवात केली तर त्याचा हिशेब कोण आणि कसा करणार? हा आक्षेप मी हलका मानत नाही. शिवाय त्याचे एक रूप तर अगदी खरे आहे. १९९९ ते २००५ या सात वर्षांच्या विजेत्यांच्या यादीत आज टूरने जागा रिकाम्या ठेवल्या आहेत, त्या दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला देता आल्या नाहीत, कारण १९९९ चा उपविजेता अलेक्स झ्युले हा फेस्टिनाचा कबुली दिलेला सायकलपटू होता, तीनदा दुसरा आलेल्या यान उल्रिखने पुढे रक्त-उत्तेजनाची कबुली दिली आणि २००५ चा दुसरा इव्हान बासो यालाही बंदी झाली. यादीत खाली खाली उतरत पहिला निर्मळ माणूस कुठे भेटेल हे कोणालाच सांगता येणार नाही. पण नेमके हेच न सांगता येणे, हे त्या माणसाचे नुकसान आहे. कोणी हात बांधून एखाद्याला पाण्यात ढकलावे आणि मग तो पोहू शकला असता याचा पुरावा त्याच्याकडेच मागावा, तसा हा आक्षेप आहे. कायद्यालाही ही अडचण नवी नाही. अपघातात तरुण माणूस गेला तर तो पुढे किती कमावता झाला असता हे कोणालाच ठाऊक नसते, तरीही न्यायालये अंदाजाने का होईना भरपाई ठरवतातच.

दुसरा आक्षेप असा की, बासोंने बोलायचा मार्ग चुकीचा निवडला, चालू स्पर्धेत सहकाऱ्यांवर संशय पसरवणारे लिहिणे शिष्टाचाराला सोडून होते. यात थोडे तथ्य आहे. नाव न घेता केलेला आरोप सगळ्यांवर सारखेच शिंतोडे उडवतो, आणि त्या घोळक्यात त्याच्यासारखे आणखी काही निर्मळ सायकलपटू गप्प राहून पाय मारत असतील तर त्यांनाही तो लागला असणार. मला त्या गप्प राहिलेल्यांबद्दल सहानुभूती वाटते. प्रत्येकाने हुतात्मा व्हावे अशी अपेक्षा घरात बसून ठेवणे सोपे आहे. परंतु शिष्टाचाराचा हा आग्रह औषधे घेणाऱ्यांबाबत कोणी इतक्या तातडीने धरला नाही, ही गोष्ट आक्षेपाची हवा काढून घेते.

मग करायचे काय? जप्त केलेल्या बक्षिसांतून आणि दंडांतून एक निधी उभारता येईल, आणि ज्यांचे औषध न घेणे चौकशीच्या किंवा न्यायालयाच्या नोंदीत सिद्ध झालेले आहे, त्यांना त्यातून काही देता येईल. अशी माणसे थोडीच असतील, म्हणून निधी बुडण्याची भीती नाही, आणि खोट्या दावेदारांची झुंबड उडण्याचीही नाही, कारण अट कागदोपत्री सिद्धतेची आहे. संरक्षणाचा नियम प्रामाणिकपणे केलेल्या जाहीर लिखाणापर्यंत आणि मुलाखतींपर्यंत वाढवता येईल. रागाच्या भरात कोणीही कोणावर काहीही लिहू नये यासाठी अब्रुनुकसानीचा कायदा आहेच. संघांना परवाना देताना, उघड बोलल्यानंतर ज्याचा करार वाढवला गेला नाही त्याच्याबाबत लेखी कारण मागता येईल. यातले काहीच अशक्य कोटीतले नाही. व्यावसायिक सायकलिंगने सायकलीचे किमान वजन ६.८ किलो असावे इथपर्यंतचे नियम केले आहेत आणि मोज्यांच्या उंचीलाही मर्यादा घातली आहे. ज्यांना मोजा मोजता येतो त्यांना हेही मोजता येईल.

हे सारे फ्रान्सचे दुखणे आहे असे समजून आपण मोकळे होऊ शकत नाही. २०२३ च्या जागतिक आकडेवारीत, पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांमध्ये उत्तेजके सापडण्याचे प्रमाण भारतात सर्वाधिक, ३.८ टक्के होते. २०२२ मध्ये आपण राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा केला, आणि जानेवारी २०२६ मध्ये पुण्याच्या घाटवाटांवर आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेची बहुटप्पी शर्यतही झाली. रस्त्यांचे डांबर, हॉटेले, वाहतूक यांची चर्चा त्या निमित्ताने भरपूर झाली, ती व्हायलाही हवी होती. मात्र आपल्याकडे पदकाचा अर्थ युरोपपेक्षा अधिक कोरडा आणि रोखठोक आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि ते बहुतांशी पहिल्या तीन क्रमांकांच्या प्रमाणपत्रावर मिळते. याचा अर्थ असा की, तिसरा आलेला मुलगा सुई टोचून आला असेल तर चौथ्या आलेल्या मुलाच्या घरातली नोकरी गेलेली असते. वर्ष-दोन वर्षांनी तिसऱ्यावर बंदी आली आणि पदक चौथ्याकडे आले, तरी तोवर भरती होऊन गेलेली असते, वयाची मर्यादा उलटून गेलेली असते. बंदी आलेल्या खेळाडूचे नाव यादीत छापले जाते. ज्याची जागा गेली त्याचे नाव कुठेच छापले जात नाही, आणि त्याला ती परत देण्याची पद्धत काय, हे निदान मला तरी कोणत्याही नियमावलीत ठळकपणे लिहिलेले आढळलेले नाही. तालमीत, मैदानावर, वसतिगृहात कोण काय टोचतो हे ठाऊक असलेल्या मुलांना तोंड उघडायला सांगण्यापूर्वी, तोंड उघडल्यावर त्यांच्या ताटात काय पडणार आहे हे आपण ठरवायला हवे.

बासों पुढे क्रीडाशिक्षक झाला आणि फ्रान्सच्या क्रीडा मंत्रालयाच्या सेवेत उत्तेजकविरोधी काम करू लागला. सप्टेंबर २०१२ मध्ये, हौस म्हणून, तो डोंगरी सायकलिंगच्या राष्ट्रीय मॅरेथॉन स्पर्धेत उतरला, दमून मध्येच शर्यत सोडून निघून गेला, आणि नंतर चाचणीसाठी त्याचे नाव निघाल्याचा निरोप मिळाला तेव्हा तो वेळेत परत पोहोचू शकला नाही. फ्रेंच महासंघाने त्याला एक वर्षाची बंदी घातली. हा निर्णय जाहीर झाला त्याच ऑक्टोबरात आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदे काढून घेण्यात आली. अपिलात बासोंची बंदी एक महिन्यावर आली. नियम सर्वांना सारखा, असे महासंघाचे म्हणणे असेल तर ते मला मान्य आहे. मला त्यात एवढेच दिसते की, या माणसाचे नाव घालायला व्यवस्थेला अखेर एक रकाना सापडला, आणि तो शिक्षेचा होता. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात आर्मस्ट्राँग फ्रान्समध्ये येऊन त्याला भेटला आणि त्याने माफी मागितली. बासोंने ती मोठ्या मनाने ऐकून घेतली. संघटनांपैकी कोणी त्याच्याकडे तशी माफी घेऊन गेल्याचे ऐकिवात नाही.

१९९९ च्या टूरचा निकालपट आजही पाहता येतो. पहिल्या क्रमांकाची जागा तिथे रिकामी आहे, कारण ती दुरुस्त करावी असे ठरले आणि तशी ती दुरुस्त झाली. शर्यत पूर्ण न केलेल्यांच्या यादीत क्रिस्तोफ बासोंच्या नावापुढे मात्र तेव्हा लिहिलेली नोंद तशीच आहे: बाराव्या टप्प्याला हजर नाही.